खरिपाची साठवण, तीन पोरं आणि एक जुनी कणगी

३ ऑक्टोबर २०२५

काल दसरा झाला. आपट्याची पानं अजून देव्हाऱ्यासमोर आहेत आणि पडवीत पाय ठेवायला जागा नाही. घेवडा झोडून झालाय. मूग-चवळीच्या शेंगा तोडून आणल्यात, बाजरीची कणसं खळ्यावर, भुईमूग अजून जमिनीत. सप्टेंबरच्या पावसानं सगळंच पंधरवडाभर मागं ढकललं, त्यामुळे जे दर साली एकामागून एक येतं ते या साली एकदम अंगावर आलंय.

घरात ठेवायचा माल साधारण असा: घेवडा ८० किलो (बाकीचा विकायचा), मूग २५, चवळी १०, बाजरी चार क्विंटल, भुईमुगाच्या शेंगा सहा पोती. शिवाय लाल भोपळे, मिरच्या, आणि दिवाळीनंतर बांधावरच्या दोन झाडांचे आवळे. कांदा यात नाही. खरिपाचा कांदा टिकत नाही, चाळीत ठेवायचा तो उन्हाळीच.

हाताशी माणसं: आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊबाई, मी, आणि संध्याकाळी कामावरून आले की हे आणि भाऊजी. पायात पोरं: थोरला सात वर्षांचा, जाऊबाईंचा मधला पाच, आमची धाकटी साडेतीन. पोरं झोपल्यावर काम करायचं म्हटलं तर ऊन नसतं, आणि ऊन असतं तेव्हा पोरं जागी असतात. त्यामुळे त्यांना सोबत घेऊनच करायचंय. ज्यांच्याकडे असंच आहे त्यांच्यासाठी ही वही लिहितेय.

आजचा खर्च: नवी ताडपत्री, १८ बाय २४ फुटी, २,१०० रुपये. जुनीला उंदरांनी खिडक्या केल्या होत्या.

५ ऑक्टोबर

घेवडा पत्र्यावर टाकू नका. भाऊजींनी हौसेनं गोठ्याच्या पत्र्यावर दोन पाट्या पसरल्या, दुपारपर्यंत वाळून खणखणीत झाल्या आणि दाण्यांची सालं तडकली. ऑक्टोबरचं ऊन वरून आणि पत्रा खालून, दाणा आतून सुकायच्या आधी साल आवळते आणि फाटते. आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी व्यापारी अजून पसाभर हातात घेऊन पट्टे बघूनच दर बोलतो. तडकलेला माल घरीच शिजवायचा.

बाकीचा ताडपत्रीवर, बोटभर जाडीचा थर, सकाळी नऊ ते बारा आणि परत तीननंतर. भर दुपारी झाकून ठेवला. दर तासाला पायानं चाळवायचा. हे काम मधल्याला दिलं. तो अनवाणी पाय घासत ओळी काढतो, आत्या त्याला म्हणतात, "कुळव धरलाय जणू." काम चोख होतं. फक्त त्याला सारखी आठवण करावी लागते, कारण कंटाळा आला की तो तिथंच लोळतो.

ओल मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. मिठाची बाटली वापरतो. कोरडी काचेची बरणी घ्यायची, तिच्यात तिसरा हिस्सा दाणे, वर दोन-तीन चमचे बारीक मीठ, झाकण लावून मिनिट-दोन मिनिटं हलवायची आणि ठेवून द्यायची. दाणे खाली बसल्यावर काचेला मीठ चिकटून राहिलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. काच स्वच्छ राहिली तर खाली उतरली. साठवणीला एवढ्यावर भागत नाही, म्हणून मीठ सुटल्यावरही आणखी दोन-तीन उन्हं द्यायची आणि शेवटी दाताखाली दाणा धरून बघायचा. दबला तर कच्चा, कट्टकन तुटला तर झाला. फोडून बघायचा आणि थुंकायचा. कच्चा घेवडा गिळायचा नाही, चार-पाच कच्च्या दाण्यांनीसुद्धा उलट्या लागू शकतात. पोरांना हे दातांचं काम अजिबात द्यायचं नाही.

बरणी हलवण्याचं काम मात्र खास त्यांचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, डब्यातलं मीठ तसंच घेऊन चालत नाही. तेच दमट असेल तर कोरड्या दाण्यातही काचेला चिकटतं. आमचं सकाळी तसंच झालं आणि आम्ही वाळलेल्या घेवड्याला उगीच अर्धा दिवस जास्त दिला. मीठ तव्यावर कोरडं भाजून, पूर्ण गार करून मग वापरायचं.

६ ऑक्टोबर

आज कोजागिरी, पण दिवस दवाखान्यात गेला.

निवडायला बसलो होतो. धाकटी माझ्या मांडीला टेकून दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होती. मध्येच गप्प झाली. मग एकदम म्हणाली, "माझ्या नाकात वाघ गेला." थोरला हसायला लागला म्हणून मीही क्षणभर हसले, आणि बघते तर डाव्या नाकपुडीत पट्ट्यांचा घेवडा, अर्धा आत.

जाऊबाई चिमटा आणायला उठल्या. आत्यांनी जागच्या जागी थांबवलं, आणि बरं झालं. चिमट्यानं गुळगुळीत दाणा धरता येत नाही, आतच सरकतो. पाणीही घालायचं नाही, दाणा फुगतो आणि पक्का बसतो. पोराला रडवायचं नाही, कारण रडताना ते नाकानं आत ओढतं. धाकटीला उजवी नाकपुडी दाबून फुंकर मारायला सांगितलं, पण साडेतीन वर्षांच्या पोरीला फुंकर म्हणजे तोंडानं. मग गाडी काढली. डॉक्टरांनी वाकड्या टोकाच्या आकड्यानं मागून ओढून काढला, काम पंधरा सेकंदांचं. फी ६००, पेट्रोल १२०, आणि उन्हाचा अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला: जे नाकपुडीत जाईल ते धाकटीच्या हातात नाही. म्हणजे घेवडा, मूग, चवळी, सोललेले शेंगदाणे सगळंच बाद. शेंगदाणा तर तसाही तिला अख्खा द्यायचा नाही, पाचेक वर्षांच्या आतल्या पोराच्या घशात अडकतो. तिला कूट. तिच्यासाठी मोठी कामं शोधायची: भोपळे, कणगी (धान्य साठवायची बांबूची मोठी लिंपलेली टोपली), रिकाम्या पाट्या आणून देणं. बियाण्यासाठी ठेवलेल्या मक्याच्या कणसांची पानं मागं सोलून जुडी बांधायलाही ती मदत करते, दाणे सुटत नाहीत तोवर. कणसं चुलीच्या वर टांगली, धुरात राहतात.

९ ऑक्टोबर

निवडणं. याच कामात पोरांचा खरा उपयोग होतो आणि याच कामावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात.

सुरुवातीला दोन डबे दिले होते, चांगला आणि खराब. दर दाण्यावर वाद. थोरला म्हणतो किडका, मधला म्हणतो नुसता डाग आहे. शेवटी तिसरा डबा ठेवला, "आज्जीला विचारायचं". भांडण मिटलं. तिसऱ्या डब्यातला माल आत्या रात्री चष्मा लावून पाच मिनिटांत उरकतात.

वेळ: मधला वीस मिनिटं, थोरला पाऊण तास, त्यापुढं हात चालतो पण नजर नसते. त्यानंतरचं सगळं परत निवडावं लागतं. म्हणून एका बैठकीला प्रत्येकी एक छोटी पाटी, संपली की उठायचं. ढीग समोर ठेवू नका. ढीग बघूनच पोरं दमतात, आणि खरं सांगायचं तर मीही.

थोरल्यानं रोजगार किती असं विचारलं. पाटीला दोन रुपये ठरले. मधल्यानं दोन रुपये नकोत, त्याऐवजी बरणी हलवायला मिळावी असं सांगितलं.

मूग निवडताना पोरं कच्चे मूग तोंडात टाकतात, ते थांबवणं अशक्य. त्यामुळे या साली कडधान्याला बोरिक पावडर लावायची नाही असं ठरवलं. आत्यांना पटलं नाही, "आम्ही वर्सानुवर्सं लावत आलोय" म्हणाल्या. पण लावलेली पावडर कुणी धुऊन खात नाही, निवडणारं पोर तर नाहीच. आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणायच्याच नाहीत. हवेतल्या ओलीनं त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. यावर घरात मतभेद नाही.

११ ऑक्टोबर

बाजरीसाठी जुनी कणगी काढली. चार वर्षं माळवदाच्या खोलीत पडून होती. बांबूची वीण शाबूत आहे, लिंपण सगळं पोपडे धरून सुटलंय. पत्र्याची नवी कोठी घ्यायचा विचार होता, पण किंमत ऐकून कणगीवर आलो.

काथवटीत शेण, पांढरी माती, गव्हाचा भुस्सा, चुलीची राख. पायानं तुडवायचं. तिन्ही पोरं काथवटीत उतरली. आजपर्यंत त्यांना दिलेल्या कामांत हे पहिलं असं निघालं ज्यात कुणाला काही समजवावं लागलं नाही. धाकटी तासभर आत होती. बाहेर काढल्यावर तिला ओळखायला वेळ लागला.

पहिला हात बाहेरून मोठ्या माणसांनी लावला, आतून थोरल्यानं, कारण आत वाकून तळापर्यंत पोचणारा तोच एक. तळाशी कोपऱ्यात हात दाबून लिंपायला सांगितलं होतं, उंदीर तिथूनच कुरतडतात.

एक काळजी: रिकामी कणगी पोरांना लपायला फार आवडते. झाकण आता आम्ही वेगळ्या खोलीत ठेवलंय. भरल्यावर वरून दोरी बांधणार.

१३ ऑक्टोबर

लिंपण तडकलं. बोट जाईल अशा भेगा. भुस्सा कमी पडला होता आणि थर जाड झाला होता. आत्यांनी परवाच म्हटलं होतं, "आजून भुस्सा घाल." मी घातला नव्हता.

भेगांत पाणी शिंपडून ओल्या केल्या आणि मग पातळ चिखल भरला. या वेळी भुस्सा दुप्पट, थर कागदाएवढे, एक वाळला की दुसरा. शेवटचा हात नुसत्या शेण-राखेचा, कापडानं. हे पोरांकडून करून घेतलं. पोरांच्या हाताचा पातळ थर मोठ्यांच्या हातापेक्षा सारखा येतो, त्यांच्या हातात जोरच नसतो.

१६ ऑक्टोबर

भुईमूग काढला. वेल उपटून, शेंगा वर करून रानातच दोन दिवस ठेवायच्या होत्या. आभाळ आलं म्हणून दुसऱ्या दिवशीच घरी आणला. ओल्या शेंगा पोत्यात भरल्या नाहीत, पण पडवीत ढीग घातला. तेवढीच जागा होती.

उद्या वसुबारस. पुढचे आठ दिवस साठवणीचं काम होणार नाही. चकली, शंकरपाळी, पाहुणे.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज काल झाली, आज ढीग उपसला. वरून छान, हात घातला तर आत गरम. मधल्या भागातल्या शेंगांवर हिरवट-पिवळी पूड. ही बुरशी नुसती खराब दिसत नाही, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते भाजून, तळून, उकळून जात नाही आणि यकृताला घातक असतं. वाईट शेंगा वेगळ्या काढून तेल काढू असा विचार भाऊजींनी मांडला, तोही नको. शेळ्यांनाही घालायच्या नाहीत. दीड पोतं, साधारण ३५ किलो, बांधाच्या कडेला खड्डा करून पुरलं. बाजारभावानं दोन हजारांच्या वर.

पोरांना खड्ड्याजवळ येऊ दिलं नाही, ती पूड उडते. थोरल्याला राग आला, कारण वेल तोडायला तोही होता.

उरलेल्या शेंगा ताडपत्रीवर एका थरात. पारख कानाची: शेंग कानाशी धरून हलवायची, आत दाणा खुळखुळला तर सुटलाय, वाळलाय. आत्या पाटीतून मूठभर उचलतात, हलवतात, "खुळखुळत्यात का बघ गं" म्हणून माझ्या कानाला लावतात. पोरांचे कान यात आपल्यापेक्षा चांगले आहेत. साठवायच्या टरफलासकट, फोडायच्या लागतील तशा. सोललेला दाणा लवकर खवट होतो.

२७ ऑक्टोबर

परत पाऊस. ताडपत्री दिवसातून कितीदा ओढली ते मोजणं सोडून दिलं. शेंगा घरात, पंख्याखाली, चादरींवर. बाजरी पोत्यांत, पण पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब. पोरं घरात कोंडली गेलीत, त्यांच्या अंगात भूत संचारलंय. आज नोंदवण्यासारखं काम शून्य.

कणगी वाळली की नाही हे कळायला आत्यांनी पापड काढला. भाजलेला पापड रात्रभर कणगीत ठेवायचा, झाकण लावून. सकाळी मऊ पडला तर आत ओल आहे. सकाळी मऊ होता. मी म्हटलं, या पावसात बाहेरचा पापडसुद्धा मऊच पडेल. मग रोज दोन पापड ठेवायला लागलो, एक कणगीत, एक फडताळात. दोन्ही मऊ असतील तर काहीच कळत नाही, फडताळातला कुरकुरीत आणि कणगीतला मऊ असेल तर थांबायचं. सकाळी उठल्याबरोबर दोन्ही मोडून बघायचं काम मधल्याचं. तो दोन्ही खातोही.

३१ ऑक्टोबर

ऊन आलं. मूग आणि चवळी.

घेवड्यापेक्षा या दोघांची काळजी जास्त, कारण भुंगेरा शेतातल्या शेंगांवरच अंडी घालून ठेवतो आणि डब्यात आपण न बघता दाणे पोखरले जातात. पातळ थर, वर पारदर्शक प्लास्टिक, कडेला माती, दुपारभर. आत चांगलंच तापतं, अंडी-अळ्या मरतात. हा मूग बियाण्याचा नाही, खायचा आहे. बियाण्याला इतकी उष्णता द्यायची नाही, उगवण जाते.

संध्याकाळी गरम असतानाच डब्यात भरला, कारण परत आभाळ आलं होतं. तासाभरानं झाकण उघडलं तर आतून थेंब लोंबत होते. सगळा परत उपसून पसरला. गरम धान्य भरायचं नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आभाळ बघितलं की कुणालाच आठवत नाही.

२ नोव्हेंबर

पापड: दोन्ही कुरकुरीत. कणगी झाली. तळाला राख, त्यावर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, मग बाजरी, मध्ये परत पाला. मधल्यानं उत्साहानं झाडावरचा ताजा पाला आणून टाकला होता तो वेळेवर दिसला. हिरवा पाला घातला की त्याची ओल आजूबाजूच्या दाण्यांत उतरते आणि तिथं गाठी धरतात. त्याला पाला परत झाडाखाली नेऊन वाळत घालायला सांगितलं, त्यानं मन लावून एकेक काडी ओळीत मांडली.

मुगाला किलोमागं पाच मिलिलिटर शेंगदाण्याचं तेल चोळलं. दाण्यावर पातळ लेप बसतो आणि भुंगेऱ्याची अंडी नीट चिकटत नाहीत, जगतही नाहीत. थोरला आणि मधला कोपरापर्यंत मुगात. धाकटीला दाराबाहेर बसवलं, तिनं दार वाजवून सगळ्या वस्तीला कळवलं.

भरायला हवाबंद पिशव्या, चार, प्रत्येकी ११० रुपये. आतला जाड प्लास्टिकचा थर पिळून, दुमडून, सुतळीनं आवळायचा. आतले किडे आतल्या हवेतला प्राणवायू संपवतात आणि मरतात. एका पिशवीत मूग, दोनांत घेवडा ४५ आणि ३५ किलो, एक शिल्लक. चवळी स्टीलच्या डब्यात.

४ नोव्हेंबर

मुगाच्या पिशवीला भोक. बाभळीचा काटा अजून तिथंच टोचलेला होता, त्यामुळे तपासाला वेळ लागला नाही. धाकटीचं म्हणणं, "तिला इंजेक्शन दिलं." दवाखान्याची आठवण ताजी असणार.

चिकटपट्टी लावून भागत नाही, दुमडीवर सुटते. शिल्लक पिशवीत मूग भरला. पाच पिशव्या लागणार असतील तर सहा घ्या. आता सगळ्या पिशव्या पत्र्याच्या पेटीत. उंदरांसाठीही तेच बरं, प्लास्टिक त्यांना अडवत नाही.

६ नोव्हेंबर

भोपळे. बारा निघाले. देठ बोटभर ठेवून कापायचे, आठ-दहा दिवस उन्हात साल कडक होऊ द्यायची, मग माळवदाखाली शिंकाळ्यात किंवा फळीवर, एकमेकांना न टेकवता. हे सगळं वेळेत झालं होतं. आज दोन भोपळे देठापासून पाणी सोडायला लागलेत. हे दोन कुठले ते आठवलं: धाकटीनं देठाला धरून ओढत आणलेले. देठ हलला की तिथूनच सड आत जाते. ते दोन आधी खाऊन टाकायचे. आज भोपळ्याच्या घाऱ्या, उद्या भाजी, परवा परत घाऱ्या.

पोरांना भोपळा द्या, पण घमेल्यात घालून.

८ नोव्हेंबर

ताकातल्या मिरच्या, तळणीच्या. पोरं झोपल्यावरच करायच्या. रात्री दहा ते बारा मी आणि ह्यांनी चिरा दिल्या, मीठ-जिऱ्याचं ताक भरलं. दिवसा वाळवायला टाकल्या त्या गच्चीवर, कडी लावून.

सकाळी ह्यांनी धाकटीचं तोंड धुतलं. साबणानं हात दोनदा धुतले होते, तरी पोरगी किंचाळली. मिरचीचा तिखटपणा पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतो. आधी हाताला गोडं तेल चोळून पुसायचं, मग साबण. किंवा सरळ हातमोजे, दहा रुपयांना जोडी मिळते.

१२ नोव्हेंबर

आवळे, चौदा किलो. दहा मोरावळ्याला, चार आवळासुपारीला.

हे काम पोरांसाठीच आहे असं वाटावं इतकं सोयीचं. आवळे मोदकपात्रात वाफवायचे, वरच्या रेषा उमलायला लागल्या की काढायचे. जास्त वाफवले तर गाळ, कमी वाफवले तर फोड बीला चिकटून येते. गार झाले की बोटानं दाबायचं, पाकळ्या आपोआप सुटतात, मध्ये बी राहते. बी मोठी आहे, टोकदार आहे, आणि आंबट-तुरट म्हणून कुणी तोंडात फार वेळ ठेवत नाही. धाकटी पहिल्यांदाच दोघा भावांच्या रांगेत बसली. एका फोडीचे पाच तुकडे करते, पण करते. तिघांनी मिळून दहा किलो तासाभरात सोडवले, मधूनमधून तोंडं वाकडी करत.

लोखंडी कढई नको, आवळा काळा पडतो. स्टीलचं पातेलं. फोडींवर तितकीच साखर घालून रात्रभर ठेवलं, सकाळी पाणी सुटून साखर विरघळलेली. पाक उकळायचा तो पोरं शाळेत गेल्यावर. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, पाक तिथंच चिकटून बसतो आणि भाजत राहतो. दर दिवशी थोडा आटवून, दोन तारी झाला की फोडी घालून बरणीत.

सुपारीच्या फोडींना सैंधव, आल्याचा रस, ओवा. उन्हात ताटांवर. या ताटांचं वजन रोज कमी होतंय आणि ते सगळं उन्हामुळे नाही.

१९ नोव्हेंबर

मोरावळा सहा बरण्या. एका बरणीत वर फेस दिसला, पाक पातळ राहिला होता. फोडी काढून पाक परत आटवला, बरणी धुऊन उन्हात तापवून भरली. वास बदलला असता तर टाकून दिला असता. नुसता फेस आणि वास चांगला असला तर वाचवता येतो, तोही पहिल्या एक-दोन दिवसांतच.

खर्चाचा हिशोब, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: ताडपत्री २,१००, पिशव्या ४४०, साखर १० किलो ४४०, बरण्या ५४०, मीठ-मसाला १८०, दवाखाना आणि पेट्रोल ७२०. एकूण ४,४२०. थोरल्याचा रोजगार ३८ रुपये, तो अजून द्यायचाय, रोज आठवण करून देतो. पुरलेल्या शेंगा यात धरलेल्या नाहीत. कणगीला पैसे लागले नाहीत, पण बाकी कुठल्याही कामापेक्षा जास्त वेळ तिनं घेतला. पाऊस नसता तर आठवड्यात झाली असती.

२६ नोव्हेंबर

तपासणी. बाजरीत कोपरापर्यंत हात घालून बघितलं, गार आहे. घेवड्याच्या पिशव्या घट्ट. मुगाची नवी पिशवी उघडली नाही, उघडली की बाहेरची हवा आत जाते, ती संक्रांतीलाच उघडायची. चवळीच्या डब्यात दोन भुंगेरे चालताना दिसले. चवळीला तेल चोळलं नव्हतं, डबा स्टीलचा आहे म्हणून सोडून दिली होती. सगळी परत ताडपत्रीवर, उद्या प्लास्टिकखाली तापवून, पूर्ण गार करून, तेल लावून भरायची. पोखरलेले दाणे निवडायला थोरला तयार आहे. पाटीला तीन रुपये मागतोय.